गोळी कमी केली, पण डॉक्टरांना सांगितलं नाही

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी वाचक २९ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. साधारण वर्षापूर्वी संध्याकाळच्या वेळी तिची डावी पापणी उतरायला लागली, मग एकाचे दोन दिसू लागले आणि शेवटच्या तासाला आवाज नाकातून येऊ लागला. तपासण्या झाल्या आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे वापरता वापरता स्नायू दमत जाण्याचा आजार, हे निदान झालं. पायरिडोस्टिग्मिनच्या पहिल्या गोळीनं पाऊण तासात पापणी वर गेली. पुढे न्यूरोलॉजिस्टनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि नंतर ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू केलं. काही महिन्यांत ती जवळजवळ पहिल्यासारखी झाली, पण चेहरा सुजून गोल झाला, झोप उडाली, चिडचिड वाढली. डॉक्टरांनी स्टिरॉइड ५० मिलिग्रॅमवरून ३० वर आणलं होतं. पाच आठवड्यांपूर्वी तिनं कोणाला न सांगता ते टप्प्याटप्प्यानं १० वर आणलं. ॲझाथायोप्रिन चार महिने घेऊनही ‘काही करत नाही’ म्हणून तेही बंद केलं. ती लिहिते, ‘पायरिडोस्टिग्मिन काम करते हे दिसतं तरी, बाकीच्या गोळ्या नुसत्या पोटात जातात.’ आता संध्याकाळी पापणी पुन्हा उतरते आहे. पायरिडोस्टिग्मिनच्या दोन-तीन गोळ्या जास्त घेऊन ती दिवस निभावते, त्यानं पोटात कळा येतात, जुलाब होतात. सकाळी मळमळतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांची भेट दोन आठवड्यांनी आहे. तिचे प्रश्न असे: गुपचूप पुन्हा ३० वर जाऊ का? डॉक्टरांना कळलं तर ते मला परत बघतील का? दोन वर्षांत मूल हवं आहे, त्याआधी ही सगळी औषधं सुटायलाच हवीत ना? आणि औषधांच्या आधारावर जगायचं म्हणजे मी हरलेच ना? जाता जाता ती हेही सांगते, की वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, तुम्हाला झोप आलीय का?’ आणि तिला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही.

*

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या: भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, आजच फोन करा. तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण कोणाला न सांगता गोळी अर्धी करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, आणि तसं करणारे आणखी काही जण हे सदर वाचत असतील.

आधी तातडीचं. मनानं पुन्हा ३० वर जाऊ नका. पाऊल चुकलं, ते मागे घेतलं की हिशेब मिटला, असं वाटणं साहजिक आहे. पण या आजारात स्टिरॉइडचं तसं चालत नाही. डोस एकदम मोठा केला की पहिल्या एक-दोन आठवड्यांत काही जणांची ताकद वाढायच्या ऐवजी आणखी घटते. म्हणून पुष्कळ डॉक्टर तो हळूहळू चढवतात, आणि गिळण्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर रुग्णालयात ठेवून चढवतात. तुमचाही पहिल्या वेळी कसा चढवला होता ते आठवून पाहा. आता किती आणि किती दिवसांत, हे ठरवण्याआधी तुमची आजची ताकद कोणीतरी समोर बसवून तपासायला हवी.

आणि घाबरून उरलेले १० मिलिग्रॅमही सोडून देऊ नका. काही महिने बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतात. बाहेरचा पुरवठा भराभर आटला तरी त्या लगेच जाग्या होत नाहीत. सकाळची तुमची मळमळ, उठताना येणारी अंधारी आजाराचीच असेल असं नाही, ती यामुळेही असू शकते. फोनवर हे आवर्जून सांगा.

काही लक्षणं मात्र अशी आहेत, की ती दिसली तर फोनसाठीही थांबायचं नाही, अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात थेट जायचं. प्यायलेलं पाणी नाकातून येणं, प्रत्येक घोटाला ठसका लागणं, कफ खोकून बाहेर टाकता न येणं, मान सावरता न येणं, आडवं झालं की धाप लागणं, बोलताना एक वाक्य एका श्वासात पुरं न होणं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. आपल्या आजारात फुप्फुसं धड असतात, थकतात ते श्वास ओढणारे स्नायू. त्यामुळे ९७-९८ आकडा दिसत असतानाही माणूस आतून दमत चाललेला असू शकतो, आणि आकडा खाली येतो तोवर फार उशीर झालेला असतो. त्यापेक्षा खोल श्वास घ्या आणि एका श्वासात मोठ्यानं आकडे म्हणा, सेकंदाला साधारण दोन या वेगानं. बरं असताना कुठवर जाता ते लिहून ठेवा. मी चाळिशी ओलांडते. नेहमीचा आकडा घसरत विशीजवळ आला तर घरच्यांनी गाडी काढायची, असं आमच्याकडे ठरलेलं आहे.

हे ‘आमच्याकडे’ अशासाठी, की मला स्वतःला हा आजार होऊन १७ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. तुमच्या डोसबद्दल मी एक अक्षर सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण गोळ्यांची पट्टी हातात धरून ‘आज अर्धीच घेऊन बघू’ असं मनाशी म्हणणारी बाई मला आतून माहीत आहे. दुसऱ्या वर्षी मीही ते केलं होतं. तीन आठवडे काही झालं नाही, मला वाटलं आपण जिंकलो. मग एका रात्री पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि घोट गिळायच्या ऐवजी नाकातून खाली ओघळला. मी ओढणीनं तो पुसला, पुन्हा ग्लास लावला, पुन्हा तेच. त्यानंतरचे ११ दिवस रुग्णालयात गेले. तुम्हाला धाक दाखवायला हे सांगत नाही. ते तीन आठवडे सांगायचे आहेत, ज्यांत काहीच झालं नव्हतं. औषधाचा परिणाम ओसरायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळाला आपण ‘बघा, गोळीची गरजच नव्हती’ असं नाव देतो.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी फार वेळ थांबले. ‘पायरिडोस्टिग्मिन काम करते हे दिसतं तरी, बाकीच्या गोळ्या नुसत्या पोटात जातात.’ मला वाटतं सगळा गुंता इथे आहे.

आपल्याला होतं काय ते एकदा पाहू. मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत व्यवस्थित पोचतो. तिथून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, समोरच्या स्नायूवरच्या ग्राहींना (रिसेप्टरना) जाऊन चिकटतं आणि स्नायू आकसतो. आपल्या शरीराच्याच अँटिबॉडी या ग्राहींवर चालून जातात. काहींना अडवून धरतात, काहींचा नाश करतात. आजार सर्वांगाला असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांच्या रक्तात या अँटिबॉडी सापडतात. उरलेल्यांपैकी काहींमध्ये मस्क नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्धच्या असतात. ग्राही थोडेच उरले की पहिले काही हुकूम पोचतात, पुढचे पोचेनासे होतात. म्हणून तुमचा पहिल्या तासाचा आवाज खणखणीत असतो आणि शेवटच्या तासाला तो नाकात जातो. १६७२ साली थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं अशाच एका बाईबद्दल लिहून ठेवलं आहे. ती मोकळी बोलायला लागायची, बराच वेळ बोलली की तिला एक शब्द फुटेनासा व्हायचा, आणि तास-दोन तासांनी पुन्हा वाचा यायची. ते वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी त्या बाईवर विश्वास ठेवला होता म्हणून.

आता गोळी. ॲसिटिलकोलिन आपलं काम झालं की एका विकराकडून (एन्झाइमकडून) लगेच मोडलं जातं. पायरिडोस्टिग्मिन त्या विकराला रोखतं, त्यामुळे रसायन तिथे जरा जास्त वेळ टिकतं. म्हणजे दारं मोजकीच उरली आहेत, गोळी दारं वाढवत नाही, आलेल्याला उंबऱ्यावर थोडं जास्त थांबू देते. हा मार्ग ठळकपणे पुढे आला १९३४ मध्ये. लंडनमधल्या ग्रिनिचच्या सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाची डॉक्टर काम करत होती. हा आजार आणि स्नायू लुळे पाडणाऱ्या क्युरारे या विषाचा परिणाम यांतलं साम्य धरून तिनं क्युरारेवरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, टोचून पाहिला. रुग्णाची पापणी वर गेली, गिळणं सुधारलं. आणि काही तासांनी सगळं जिथल्या तिथे आलं. तुमची गोळी त्याच घराण्यातली आहे. अर्ध्या-पाऊण तासात असर, तीन-चार तासांत उतार. अँटिबॉडींना तिनं हातही लावलेला नसतो.

त्यांना आवरायचं काम बाकीच्या दोन औषधांचं. स्टिरॉइडचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. ॲझाथायोप्रिनला ६ ते १२ महिने, काहींना त्याहून जास्त. तुम्ही ते चार महिने घेतलंत आणि पायरिडोस्टिग्मिनच्या घड्याळात त्याची वेळ बघितलीत. एकीचं घड्याळ तासांचं, दुसरीचं वर्षाचं. चार महिन्यांनी ‘काही करत नाही’ हे तुमचं निरीक्षण खरंही असेल, पण त्या वेळी ते तसंच असायला हवं होतं.

आणि इथे मला खरंच हळहळ वाटली. ॲझाथायोप्रिन सहसा का जोडतात? स्टिरॉइड कमी करता यावं म्हणून. पुढे जाऊन स्टिरॉइडचं ओझं त्यानं उचलावं, म्हणजे चेहऱ्याची सूज उतरेल, झोप येईल, हाडं वाचतील. ज्या औषधानं तुम्हाला स्टिरॉइडमधून सोडवायचं होतं, तेच तुम्ही आधी सोडलंत. यात तुमचा दोष मी मानत नाही. ही गोळी कशासाठी आहे आणि तिला किती वेळ द्यायचा आहे, हे कोणीतरी तुमच्याशी दहा मिनिटं बसून बोलायला हवं होतं. जो वाचक आज पहिल्यांदा ही गोळी हातात घेतो आहे, त्यानं डॉक्टरांना एवढंच विचारावं: हिचा गुण कधी दिसायला हवा, आणि तोवर मी कशावरून ओळखायचं की सगळं नीट चाललं आहे?

ॲझाथायोप्रिनही मनानं परत सुरू करू नका. त्याच्याबरोबर रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी व्हाव्या लागतात, आणि काही जणांच्या शरीरात ते जन्मजातच नीट मोडलं जात नाही, त्यासाठी वेगळी तपासणी असते. युरिक ॲसिड वाढल्यावर देतात ते ॲलोप्युरिनॉल याच्याबरोबर घेतलं गेलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीला घसरू शकतात. कोणत्याही नव्या डॉक्टरकडे गेलात तरी हे आधी सांगायचं.

तसंच जास्तीच्या पायरिडोस्टिग्मिनचं. जे रसायन स्नायूपाशी टिकतं, तेच आतडी आणि लाळग्रंथींपाशीही टिकतं. तुमच्या कळा, जुलाब त्यातलेच. लाळ वाढते, घाम येतो, स्नायू फडफडतात. मर्यादेच्या फार पुढे गेलं तर स्नायू बळकट व्हायचे सोडून उलट अशक्त होतात, आणि बाहेरून ते आजार वाढल्यासारखंच दिसतं. आधीच गिळताना त्रास आणि त्यात लाळ वाढलेली, ही जोडी वाईट. दिवसाला दोन-तीन जास्त गोळ्या लागायला लागल्या, ही तुमच्या शरीरानं पाठवलेली चिठ्ठी आहे, तिचं उत्तर आणखी एका गोळीनं देता येणार नाही.

आता तुमची बाजू. चेहरा सुजणं ही ‘दिसण्याची तक्रार’ आहे, ती आजारापुढे किरकोळ, असं तुम्हाला वाटतंय आणि म्हणून तुम्ही प्रत्येक भेटीत ‘बरं आहे’ एवढंच म्हणत आलात. मला ती किरकोळ वाटत नाही. २९ वर्षांच्या बाईला आरशात दुसरीच कोणी दिसत असेल, रात्री तीन वाजता टक्क जाग येत असेल, मुलांवर विनाकारण ओरडल्यावर स्वतःची लाज वाटत असेल, तर ते औषधाचे खरे परिणाम आहेत आणि डॉक्टरांच्या कागदावर ते लिहिले जायला हवेत. तुम्ही सांगितलं नाहीत तर तिथे लिहिलं जातं ‘औषध सोसतंय’. मग पुढचा निर्णय त्यावर होतो. सकाळी एकदाच गोळी घेतली तर झोपेला फरक पडतो का, एक दिवसाआड घेता येईल का, रक्तातली साखर, रक्तदाब, हाडांची घनता, डोळ्यांतला दाब आणि मोतीबिंदू यांची तपासणी कधी, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व चालू आहे का, हे सगळं विचारण्यासारखं आहे.

दुसरं, तुमच्या छातीचं स्कॅन झालं असेलच, कारण उरोस्थीमागच्या थायमस ग्रंथीत १० ते १५ टक्के रुग्णांना गाठ असते आणि ती काढावीच लागते. पण गाठ नसतानाही ही ग्रंथी काढण्याचा उपयोग होतो का, याचा एक मोठा तुलनात्मक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्राहीविरुद्धच्या अँटिबॉडी असलेल्या १२६ रुग्णांना त्यात घेतलं होतं. ज्यांची थायमस काढली त्यांची ताकद तीन वर्षांत जास्त सुधारली आणि त्यांना स्टिरॉइडही कमी लागलं. तुमचं वय आणि आजाराचा हा पहिलाच काळ पाहता, हा पर्याय मला लागू आहे का, हा प्रश्न तुम्ही नक्की विचारा. मस्कच्या अँटिबॉडी असतील तर उत्तर वेगळं येतं, तिथे रिटुक्सिमॅब या औषधाकडे लवकर वळतात. नवी औषधंही आली आहेत, एक्युलिझुमॅबला अमेरिकेत या आजारासाठी २०१७ मध्ये आणि एफगार्टिगिमॉडला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ती सर्वांना लागत नाहीत, सर्वांना परवडत नाहीत. सांगायचं इतकंच, की ‘हे स्टिरॉइड किंवा काहीच नाही’ अशी निवड तुमच्यापुढे नाही.

मूल. इथे तुमचं गृहीतक मला सर्वांत जास्त दुरुस्त करावंसं वाटतं, कारण त्यापायी अनेक जणी औषधं तोडतात. सगळी औषधं सुटल्याशिवाय गरोदर राहता येत नाही, असं नाही. पायरिडोस्टिग्मिन आणि प्रेडनिसोलोन गरोदरपणात चालू ठेवतात, आणि गरज असेल तर ॲझाथायोप्रिनही बहुतेक वेळा चालू ठेवतात. मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं मात्र बाळाला घातक आहेत, ती आधीच, ठरावीक अवधी सोडून थांबवावी लागतात. म्हणून ‘दोन वर्षांत मूल हवं आहे’ हे वाक्य तुमच्या डॉक्टरांना आत्ता कळायला हवं, पुढची औषधं निवडताना ते त्यांच्या समोर असेल. या आजाराच्या आईच्या १० ते २० टक्के बाळांना जन्मल्यावर काही आठवडे तात्पुरता अशक्तपणा येतो, आईच्या अँटिबॉडी बाळाकडे गेल्यामुळे. तो जातो, पण जन्माच्या वेळी बालरोगतज्ज्ञ तयारीत हवेत. आणि प्रसूतितज्ज्ञांना सांगून ठेवायचं, की शिरेतून दिलं जाणारं मॅग्नेशियम सल्फेट तुम्हाला धोक्याचं आहे. आजार स्थिर असताना राहिलेलं गरोदरपण सहसा सोपं जातं. म्हणजे ज्यासाठी तुम्हाला गोळ्या सोडायच्या आहेत, त्यासाठीच त्या नीट चालू राहायला हव्यात.

मॅग्नेशियमवरून आठवलं, ते सर्वांसाठी लिहिते. साध्या तापा-खोकल्याला मिळणारी काही प्रतिजैविकं आपली ताकद एकाएकी घटवतात: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन. रक्तदाबासाठीचे बीटा ब्लॉकर, क्विनीन, सुरकुत्यांसाठीचं बोट्युलिनम टॉक्सिन हेही त्याच यादीत. यातली काही औषधं गरज पडली तर देखरेखीखाली देतात, पण समोरच्या डॉक्टरला आपला आजार माहीत असायला हवा. मी पाकिटात एक कागद ठेवते. आजाराचं नाव, चालू औषधं, टाळायची औषधं, माझ्या न्यूरोलॉजिस्टचा फोन. दात काढायला गेले होते तेव्हा तो कागद मी दंतवैद्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि लिहायला घेतलेली गोळी बदलली. जंतुसंसर्ग हेच आजार उसळण्याचं सर्वांत मोठं कारण असतं, म्हणून ताप अंगावर काढायचा नाही. आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत जंतूंच्या लशी चालत नाहीत. बाकीच्या बहुतेक घेता येतात, विचारून.

आता त्या फोनकडे येते. डॉक्टर रागावतील का? काही रागावतात. माझे रागावले नव्हते, त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘कधीपासून?’ पुढे म्हणाले, की तुम्ही सांगितलं नसतंत तर मी समजलो असतो ३० मिलिग्रॅमवर तुमचा आजार वाढतोय, आणि त्याहून जबर औषध दिलं असतं. तुम्ही गुपचूप डोस वाढवलात आणि भेटीत काहीच बोलला नाहीत, तर तुमच्या बाबतीतही नेमकं हेच होईल. त्यांच्या नजरेतून पाहा: औषध पुरं चालू आणि तरी पापणी उतरतेय. सगळा पुढचा उपचार एका खोट्या आकड्यावर उभा राहील.

शब्द सुचत नसतील तर हे वाचून दाखवा: ‘पाच आठवड्यांपूर्वी मी प्रेडनिसोलोन ३० वरून स्वतःहून कमी करत १० वर आणलं आणि ॲझाथायोप्रिन बंद केलं. चेहऱ्याची सूज आणि झोप सहन होत नव्हती. आता संध्याकाळी पापणी उतरते, पायरिडोस्टिग्मिन रोज दोन-तीन जास्त लागते, जुलाब होतात, सकाळी मळमळ आणि अंधारी येते. गिळणं आणि श्वास आज असा असा आहे. मला तारखेआधी भेटायचं आहे.’ एवढंच. माफी मागायची गरज नाही. डॉक्टर भेटत नसतील तर त्यांच्या सहायकाला सांगा, आणि आज उत्तर मिळालं नाही तर उद्या आपत्कालीन विभागात जा. आणि एवढं ऐकून एखाद्या डॉक्टरनं तुम्हाला झिडकारलंच, तर न्यूरोलॉजिस्ट बदलता येतो. लपवून उपचार घेणं मात्र कोणाकडेच जमणार नाही.

भेटीआधी चार-पाच दिवसांची नोंद करा. गोळी किती वाजता घेतली, पापणी किती वाजता उतरली, एका श्वासात किती आकडे झाले, कोणता घास जड गेला. माझ्या वहीत पहिल्या वर्षी एक रकाना होता ‘केस विंचरणं’, कारण हात वर धरून वेणी पुरी होते की मध्येच खाली येतो, यावरून मला दिवस कळायचा. तुमच्यासाठी तो फळा असेल. किती ओळींनंतर हात उतरतो ते मोजा. आणि पायरिडोस्टिग्मिनची वेळ जेवणाच्या आणि महत्त्वाच्या तासाच्या अर्धा-पाऊण तास आधी बसेल का, हे डॉक्टरांशी ठरवा. त्याच गोळ्यांत दिवस वेगळा जातो.

राहिला ‘हरले’ हा शब्द. तो तुम्हाला कोणी दिला, ते मला ठाऊक नाही. तुम्ही ज्या अवस्थेला ‘बरी होते’ म्हणता, ते महिने गोळ्यांसकटचे होते. शेवटच्या तासापर्यंत शिकवणारी, दोन्ही डोळ्यांनी सरळ बघणारी ती बाई तुम्हीच होतात. बऱ्याच जणांची औषधं पुढे वर्षांच्या हिशेबात खूप कमी होतात, काहींची सुटतातही. माझं स्टिरॉइड आज अगदी थोडं आहे, ते तिथवर यायला चार वर्षं लागली, प्रत्येक वेळी थोडंसं कमी, मग थांबून पाहायचं. तुमचं किती कमी होईल हे आज कोणी सांगू शकत नाही, पण तो रस्ता डॉक्टरांच्या सोबतीनंच उतरायचा आहे.

आणि ती मुलगी. तिनं चिडवलं नव्हतं, तिला दिसलं ते तिनं विचारलं. पुढच्या वेळी विचारलं तर सांगा, ‘नाही गं, झोप नाही आली. माझी पापणी दमते. गोळी घेतली की उघडते.’ मुलं एवढ्यावर समाधानी होतात आणि वह्या उघडतात. पण तिला सांगायच्या आधी, आज, तो फोन.